गाळलेल्या नावापासून सुरू झालेली गोष्ट: ‘सिमँटिक एरर’ या कोरियन बीएल मालिकेचा प्रकरण अभ्यास

विद्यापीठातला एक विषय, त्यातलं गटानं करायचं सादरीकरण. गटातला एक मुलगा सगळं काम एकट्यानं ओढतो आणि बाकीचे दर वेळी नवी सबब सांगतात. सादरीकरण संपतं तेव्हा कामचुकारांची नावं श्रेयातून गायब असतात, कारण त्या मुलानं ती शांतपणे काढून टाकलेली असतात. गाळलेल्या नावांत एक नाव जांग जे-यंगचं. तो डिझाइन शाखेचा, शेवटच्या टप्प्यावर आलेला आणि कॅम्पसभर लोकप्रिय असलेला सीनियर. विषय सुटत नाही, पदवी अडते आणि पुढचे बेत कोलमडतात. नाव गाळणारा चू सांग-वू कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी आहे. आपलं काही चुकलं असं त्याला जराही वाटत नाही. काम केलं नाही, म्हणून नाव नाही, एवढा त्याचा हिशेब सरळ आहे.

बीएल म्हणजे ‘बॉइज लव्ह’, दोन मुलग्यांच्या प्रेमकथांचा प्रकार. अशा प्रेमकथेची सुरुवात म्हणून मला ही घटना फार मोलाची वाटते. इथे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघंही थोडे चुकले आहेत. फुकटचे गुण नाकारणं न्याय्यच आहे. पण एका शब्दाचीही पूर्वसूचना न देता कुणाचं वर्ष अडवणं न्याय्य आहे का? याचं उत्तर मालिका देत नाही. ती या दोघांना समोरासमोर उभं करते आणि म्हणते, आता भांडा.

‘सिमँटिक एरर’चं बळ आणि तिच्या उणिवा एकाच निर्णयातून आल्या आहेत, असं मला वाटतं. सगळा संघर्ष या दोन मुलांच्या स्वभावात कोंडायचा आणि बाहेरचं जग शक्यतो आत येऊ द्यायचं नाही, हा तो निर्णय. त्यामुळे मालिका घट्ट, हलकीफुलकी आणि प्रसन्न झाली. त्याच निर्णयामुळे काही प्रश्न तिनं कधी विचारलेच नाहीत.

मालिका आली कुठून

मूळ कथा जो सु-री या टोपणनावानं लिहिलेल्या वेब-कादंबरीची. ती 2018 मध्ये रिडी या कोरियन ई-बुक मंचावर आली, प्रौढांसाठीच्या वर्गात. पुढे तिचा वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा झाली. मालिका वॉचा या कोरियन स्ट्रीमिंग सेवेनं काढली आणि दिग्दर्शन किम सू-जंग यांनी केलं. 16 फेब्रुवारी ते 10 मार्च 2022 या काळात दर बुधवारी आणि गुरुवारी एकेक, असे आठ भाग प्रदर्शित झाले. प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. अख्खी मालिका एका लांबलचक संध्याकाळी बघून होते.

वॉचा ही काही नेटफ्लिक्सएवढी बलाढ्य सेवा नव्हे. कोरियातल्याच मोठ्या सेवांपुढेही ती लहानच. अशा लहान सेवेला स्वतःचं हक्काचं प्रेक्षक देणारी मालिका मिळणं ही मोठी गोष्ट होती. ही मालिका तिथे अनेक आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ऑगस्ट 2022 च्या अखेरीस तेच आठ भाग जोडून केलेला चित्रपट थिएटरांत लागला. त्याआधी कोरियात बीएल म्हणजे मोजक्या पैशांत, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, इंटरनेटवर गुपचूप येणारा प्रकार होता. मे 2020 मध्ये आलेल्या ‘व्हेअर युअर आइज लिंगर’पासून तिथे बीएल वेबमालिकांची वाट पडली, पण ती वाट अरुंद होती. ‘सिमँटिक एरर’नं तिचा रस्ता केला. त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत कोरियात बीएलचं पीक आलं. त्यातलं बरंचसं सुमार होतं, तो भाग वेगळा.

भांडण स्वभावाचं

सांग-वूचं आयुष्य वेळापत्रकावर चालतं. ठरलेली बाकं, ठरलेली वेळ, ठरलेली कॅनमधली कॉफी, काळे कपडे, डोक्यावर काळी टोपी. लाल रंग त्याला सहन होत नाही. जे-यंग नेमका उलट आहे. कुणाशीही बोलेल, कुठेही बसेल, वेळ पाळणार नाही, पण हातात कला आहे. आपली पदवी कुणी अडवली याचा शोध तो घेतो, सांग-वू फोन उचलत नाही म्हणून त्याला कॅम्पसभर हुडकतो. सापडल्यावर एकच मागणी करतो, माफी माग. सांग-वू नकार देतो. मग जे-यंग लाल कपडे घालून त्याच्या शेजारी बसायला लागतो, त्याची जागा पटकावतो आणि यंत्रातली त्याची कॉफी आधीच संपवून ठेवतो.

हे सगळं पोरकट आहे, पण लेखनाच्या दृष्टीनं फार नेमकं आहे. जे-यंगची प्रत्येक खोडी सांग-वूच्या स्वभावाचा एकेक पदर उघडते. कुणाला छळायचं असेल तर आधी त्याला बारकाईनं पाहावं लागतं, आणि बघता बघता जे-यंग गुंतत जातो. राग निरीक्षणात बदलतो आणि निरीक्षण ओढीत. ही वळणं कथेनं ढकलून आणलेली वाटत नाहीत. एखादा अपघात, हॉस्पिटल, पावसात एकच छत्री अशा ठरीव प्रसंगांवर ही कथा उभी नाही. चौथ्या भागापर्यंत पोचताना आपल्या लक्षात येतं, की जे-यंगला सांग-वूची दिनचर्या सांग-वूपेक्षा जास्त पाठ झाली आहे.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे कामाचा धागा. सांग-वूला स्वतःचा मोबाईल गेम बनवायचा आहे आणि त्यासाठी डिझायनर हवा आहे. ज्या डिझायनरचं काम त्याला आवडतं तो निघतो जे-यंग. इथून दोघांना एका टेबलाशी बसावंच लागतं. प्रेमकथांमध्ये नायकांना नोकरी किंवा शिक्षण नावापुरतं असतं. इथे काम हीच एकमेकांविषयी आदर वाटायची जागा आहे. सांग-वूला जे-यंग उच्छाद वाटतो, तरी त्यानं काढलेली चित्रं चांगली आहेत हे तो नाकारू शकत नाही, कारण खोटं बोलणं त्याच्या हिशेबात बसत नाही. जे-यंगही हळूहळू ओळखतो, की हा मुलगा माणूसघाणा नाही, त्याला फक्त काम नीट झालेलं हवं असतं. गटकार्यात फुकट्या ठरलेला मुलगा दुसऱ्या एका गटकार्यात रात्री जागून काम करतो, ही रचना मला मनापासून आवडली. पहिल्या भागातला गुन्हा तो कामानंच फेडतो. त्यावर एकही भाषण होत नाही.

गटकार्याचा हा विषय कोरियन तरुणांच्या जिव्हाळ्याचा आहे. तिथल्या विद्यापीठांत काम न करता गुण लाटणाऱ्यांबद्दल इतका राग साठलेला आहे, की विनोदी कार्यक्रमांनाही तो पुरतो. त्यामुळे बीएल कधीच न पाहिलेला प्रेक्षकही पहिल्या दहा मिनिटांत सांग-वूच्या बाजूला जाऊन उभा राहतो. पुण्या-मुंबईत इंजिनीअरिंग करताना चौघांच्या ग्रुपमध्ये एकट्यानं प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप केलेल्या कुणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट दुःखाविषयी. दोन पुरुषांच्या प्रेमकथा म्हटलं की अनेक वर्षं शेवटी मरण, लग्नाची सक्ती किंवा वियोग ठरलेला असायचा. ‘सिमँटिक एरर’मध्ये सांग-वूची घालमेल वेगळ्या जातीची आहे. ही भावना योजनेत नव्हती, तिचं कारण सापडत नाही आणि ती कामात अडथळा आणते, म्हणून तो हैराण होतो. समोरचा पुरुष आहे, या गोष्टीवर तो रात्र-रात्र रडत नाही. जे-यंगलाही आपल्याला एक मुलगा आवडायला लागला याचा हादरा बसत नाही. ज्या तरुण प्रेक्षकांनी स्वतःसारख्या माणसांना पडद्यावर फक्त मरताना पाहिलं आहे, त्यांच्यासाठी ही तीन-साडेतीन तासांची विश्रांती लहान गोष्ट नाही. तिला कुणी पलायन म्हणेल. मला ती गरज वाटते.

दोन नट

पार्क जे-चान (सांग-वू) आणि पार्क सो-हाम (जे-यंग) हे दोघंही कोरियन पॉपच्या ‘आयडॉल’ संगीतगटांतून आलेले. जे-चान डीकेझेड या गटात होता, सो-हाम 2021 मध्ये केएनके या गटातून बाहेर पडला होता. दोघांच्याही कारकिर्दी तेव्हा फार तेजीत नव्हत्या. मालिका गाजली आणि डीकेझेडचे जुने अल्बम पुन्हा विकले जाऊ लागले. सो-हामचं नशीब विचित्र निघालं. शेवटचा भाग प्रदर्शित झाला त्याच दिवशी, 10 मार्च 2022 रोजी, तो कोरियन तरुणांना सक्तीच्या असलेल्या राष्ट्रसेवेत दाखल झाला. सगळीकडे त्याचं नाव निघत होतं आणि तो मात्र पावणेदोन वर्षांसाठी पडद्याआड गेला.

जे-चानची भूमिका जास्त अवघड आहे. सांग-वूचा चेहरा जवळपास हलत नाही. आवाज एकसुरी, मान ताठ, नजर समोर. असा माणूस दोन पद्धतींनी बिघडतो. एक तर तो यंत्रमानव होतो, नाही तर प्रेक्षकांनी ‘किती गोड’ म्हणावं असं खेळणं होतो. जे-चान या दोन्हींतून वाचतो, कारण त्याचा सांग-वू आधी चिडतो. त्याच्या थंडपणाखाली सतत एक खरा, धगधगता वैताग आहे, आणि त्या वैतागामुळेच तो माणूस वाटतो. पुढे ओढ निर्माण होते तीही आधी वैतागाच्याच रूपात येते. नजर चुकवण्याची पद्धत बदलते, उत्तर द्यायला अर्धा क्षण जास्त लागतो. एवढ्यावर त्यानं चार भाग पेलले आहेत.

सो-हामचं काम वरवर सोपं वाटतं. उंचपुरा, देखणा, बेफिकीर. पण जे-यंगचा खट्याळपणा थोडा जरी वाढला असता तरी तो असह्य झाला असता. सो-हामकडे एक ऐकण्याचा चेहरा आहे. सांग-वू बोलत असतो तेव्हा तो खरोखर ऐकतो. टोपीशिवायचा सांग-वू पाहताना त्याच्या चेहऱ्यावरची मस्ती क्षणभर विझते आणि त्या जागी उत्सुकता येते. त्या एका बदलावर पुढची सगळी कथा विसंबून आहे. दोघांच्या जोडीला ‘केमिस्ट्री’ म्हणायची पद्धत आहे, पण मला त्यात मेहनत दिसते. दोघं एकमेकांच्या लयीत बोलायला शिकत जातात. पहिल्या भागातले त्यांचे संवाद एकमेकांवर आदळतात, सातव्यात ते एकमेकांची वाट पाहतात.

रंगांचा वापरही नेटका आहे. जे-यंगचा लाल रंग आधी शस्त्र म्हणून येतो, आणि कथा पुढे सरकते तसा त्याचा त्रास उरत नाही, तो ओळखीचा होतो.

त्रास देणं आणि आवडणं

आता मालिकेची सगळ्यात मोठी उणीव. तिच्याकडे चाहते फार झटकन डोळेझाक करतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

जे-यंग पहिल्या दोन-तीन भागांत जे करतो त्याला साध्या भाषेत पाठलाग म्हणतात. एका माणसानं स्पष्ट शब्दांत सांगितलं आहे, की मला तुझ्याशी बोलायचं नाही. तरी त्याचं वेळापत्रक शोधून तो जाईल तिथे जाणं, शेजारी बसणं, त्याच्या सवयीच्या वस्तू पळवणं, त्याला अस्वस्थ करणारा रंग मुद्दाम घालणं. हेच जे-यंगनं वर्गातल्या एखाद्या मुलीच्या बाबतीत केलं असतं, तर 2022 चा प्रेक्षक हसला असता का? दक्षिण कोरियात पाठलागाला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा 21 ऑक्टोबर 2021 रोजी लागू झाला. त्यासाठी तिथल्या स्त्रियांनी अनेक वर्षं आवाज उठवला होता. मालिका आली ती त्यानंतर चार महिन्यांनी. म्हणजे कोरियन समाज नेमक्या या वर्तनाला नाव देत होता, तेव्हाच ते इथे गंमत म्हणून दाखवलं जात होतं.

कोरियन प्रेमकथांना मनगट धरून ओढणाऱ्या नायकाची जुनी सवय आहे. स्त्री-पुरुषांच्या मालिकांत ती आता टीकेमुळे कमी होत चालली आहे. दोन पुरुष असले की मात्र ती सुरक्षित वाटते, कारण दोघं बरोबरीचे आहेत असं आपण गृहीत धरतो. पण सांग-वू आणि जे-यंग बरोबरीचे नाहीत. जे-यंग सीनियर आहे, आणि कोरियन विद्यापीठात सीनियर या शब्दाला वजन आहे. त्याच्यामागे मित्र आहेत, लोकप्रियता आहे. सांग-वू एकटा जेवतो. शिवाय सांग-वूला ठरलेपणाची गरज किती खोलवर आहे, हे मालिकेनंच आपल्याला दाखवलं आहे. त्याची जागा किंवा कॉफी हिरावणं हा त्याच्यासाठी इतरांपेक्षा जास्त त्रास आहे. जे-यंगला ते कळतं, म्हणूनच तो ते निवडतो.

सांग-वूचा स्वभाव कशामुळे असा आहे, याला मालिका नाव देत नाही. अनेक प्रेक्षकांनी त्याच्यात ऑटिझमच्या खुणा पाहिल्या आणि त्यातल्या काहींना तो आपला वाटला. नाव न देण्याचा फायदा हा, की तो निदानाचा नमुना बनत नाही आणि कुणी त्याला बरं करायला निघत नाही. तोटा हा, की त्याच्या अडचणीची जबाबदारीही कुणावर येत नाही. लाल रंगाचा त्रास ही विनोदाची सोय होऊन बसते.

असं असूनही मी ही मालिका त्याच्या पुढे बघू शकलो, याला कारण सांग-वू आहे. लेखनानं त्याला बळी होऊ दिलेलं नाही. तो उलट वार करतो. तो नाही म्हणतो आणि त्याच्या नाहीचा अर्थ नाहीच असतो. कथेच्या उत्तरार्धात तो जे-यंगला दूर व्हायला सांगतो तेव्हा जे-यंग खरंच दूर होतो. हा क्षण निर्णायक आहे. पाठलागाची सगळी सूत्रं ज्याच्या हातात होती, तो ती खाली ठेवतो. आणि मग सांग-वूला कळतं, की ज्या शांततेसाठी तो भांडला ती मिळूनही दिनचर्या पूर्ववत होत नाही. त्यानंतरचा खरा पुढाकार सांग-वूचा आहे. तो विचार करून, स्वतःच्या पद्धतीनं, जवळजवळ कराराची कलमं वाचावीत तसं बोलून जे-यंगकडे जातो. जे-यंगचा पाठलाग यशस्वी झाला असं इथे म्हणता येत नाही, कारण पाठलाग थांबल्यावरच प्रेम शक्य झालं.

एवढं नेमकं लेखन करणाऱ्यांनी जे-यंगकडून पहिल्या भागांचा हिशेब मागायला हवा होता. सांग-वूला आपल्या वागण्याचा विचार करायला मालिका वारंवार भाग पाडते. तो माणसांना कोड समजतो, तो भावना ओळखत नाही, त्यानं शिकायला हवं. जे-यंगनं काय शिकायला हवं? कामचुकारपणाची भरपाई तो करतो, पण छळाची करत नाही. ‘मी तुला घाबरवलं, ते चूक होतं’ असं एक वाक्य, तेही आठ भागांत कुठेतरी, एवढीच माझी अपेक्षा होती. त्या वाक्यानं प्रेमकथेची गोडी कमी झाली नसती.

कॅम्पसबाहेरचा कोरिया

या मालिकेत घर जवळपास नाहीच. आईवडील, शेजारी, चर्च, नोकरीची मुलाखत, कशाचीही सावली या दोघांवर पडत नाही. कॅम्पस, खोली, स्टुडिओ, बस. दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि कुणाच्याही भुवया उंचावत नाहीत.

हे घडतं त्या देशात समलिंगी विवाहाला मान्यता नाही. भेदभावाला मनाई करणाऱ्या सर्वसमावेशक कायद्याचा मसुदा 2007 मध्ये पहिल्यांदा मांडला गेला, तेव्हापासून तो पुन्हा पुन्हा अडला आहे, आणि त्याला सगळ्यात कडवा विरोध प्रॉटेस्टंट चर्चच्या पुराणमतवादी गटांचा आहे. सैन्याच्या फौजदारी कायद्यातलं 92-6 हे कलम पुरुष सैनिकांमधल्या समलिंगी संबंधांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. देशातल्या प्रत्येक धडधाकट तरुणाला सैन्यसेवा सक्तीची असल्यामुळे हे कलम केवळ छावणीपुरतं राहत नाही. मालिका संपल्यावर महिन्याभरानं, एप्रिल 2022 मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सुटीच्या वेळात, छावणीबाहेर, संमतीनं आलेल्या जवळिकीला हे कलम लागू होत नाही असा निकाल दिला. मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये घटनात्मक न्यायालयानं कलम पुन्हा वैध ठरवलं. शेवटून दुसरा भाग आला तो दिवस 9 मार्च 2022, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा. त्या प्रचारात लिंगसमानता मंत्रालय बंद करण्याचं आश्वासन दिलेला उमेदवार अगदी थोड्या फरकानं निवडून आला.

प्रत्येक प्रेमकथेनं कायद्याचं ओझं वाहावं असा माझा आग्रह नाही. विश्रांतीची गरज मी वर मान्य केलीच आहे. माझी हरकत वेगळी आहे. बाहेरचं जग पूर्ण पुसल्यामुळे या दोन पात्रांचं आतलं जगही थोडं अपुरं राहतं. प्रत्येक गोष्टीचे परिणाम आधी मोजणारा सांग-वू, जो चॉकलेटही हिशेबानं खाईल, तो या नात्याचे परिणाम का मोजत नाही? घरी कळलं तर काय, नोकरीत कळलं तर काय, हे प्रश्न त्याच्या डोक्यात पहिल्याच रात्री यायला हवेत. ते येत नाहीत, कारण मालिकेला ते नको आहेत. इथे सामाजिक वास्तवापेक्षा पात्राच्या तर्काशीच तडजोड झाली आहे, आणि ज्या मालिकेचं सगळं बळ पात्राच्या तर्कात आहे तिला हे शोभत नाही. एखादाच प्रसंग पुरला असता. सांग-वू नात्याचे फायदे-तोटे मांडतो, तोट्यांच्या रकान्यात ‘आई’ असं लिहितो आणि पुढे जातो. हलकेपणा टिकला असता आणि कोरियाही आत आला असता.

बीएल हा प्रकारच मुळात जपानी स्त्रियांनी 1970 च्या दशकात स्त्री-वाचकांसाठी घडवला, आणि कोरियन वेब-कादंबऱ्यांचा वाचकवर्गही प्रामुख्यानं स्त्रियांचा आहे. पुरुषसत्ताक लग्नव्यवस्थेबाहेरचं, बरोबरीचं प्रेम कल्पण्याची ती एक जागा आहे. तिथे वास्तवातल्या समलिंगी पुरुषाचं चित्र मिळावं ही अपेक्षा प्रकाराच्या स्वभावाला सोडून आहे, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य आहे. पण पडद्यावर आली की गोष्ट फक्त मूळ वाचकांची राहत नाही. ती सोलमधला सतरा वर्षांचा मुलगाही बघतो, आणि त्याच्यासाठी ती आरसा होते, लेखिकेचा हेतू काहीही असो.

पुढे काय झालं ते पाहिलं की फरक ठळक होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पार्क सांग-यंग यांच्या कादंबरीवरची ‘लव्ह इन द बिग सिटी’ ही मालिका आली, ज्यातला नायक स्वतःला समलिंगी म्हणवतो, ज्याला आई आहे, आजार आहे, सैन्यातले दिवस आहेत. तिच्याविरुद्ध निदर्शनं झाली, प्रसारण थांबवा अशी मागणी झाली, जाहिरातीचे व्हिडिओ काढून टाकावे लागले. ‘सिमँटिक एरर’वर असं वादळ उठलं नाही. कुणाला कशाचा त्रास होतो हे त्यावरून कळतं. दोन देखणे मुलगे कॅम्पसमध्ये चुंबन घेतात तोवर चालतं, पण त्यांना कुटुंब आणि नाव मिळालं की ते धोकादायक ठरतात. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी जोडीदाराला आरोग्य विम्यात अवलंबित म्हणून घेण्याचा हक्क मान्य केला. समाज पुढे सरकत होता, पण टीव्ही कोणत्या कथेला सुरक्षित समजतो याची रेघ फारशी हलली नव्हती.

बाजूची माणसं आणि शेवट

जिला सांग-वू आवडतो त्या ज्युनियर जि-हेला मालिका खलनायिका करत नाही, हे चांगलं. बीएलमध्ये मुलींना एक तर कारस्थानी केलं जातं किंवा जोडीच्या टाळ्या वाजवायला ठेवलं जातं. जि-हे सरळ आहे, नकार पचवते. पण नकारानंतर ती कथेतून जवळपास विरते. जे-यंगची मैत्रीण यु-ना हिच्याकडे तर अख्ख्या मालिकेतला सर्वांत चांगला विनोद आहे आणि स्वतःची एकही गोष्ट नाही. पंचवीस मिनिटांच्या आठ भागांत सगळ्यांना जागा मिळणार नाही, मान्य. तरीही यु-नाला फक्त तिच्या मित्राविषयी बोलायला न लावता एकदा स्वतःविषयी बोलू द्यायला हवं होतं.

लहान लांबी हे एरवी या मालिकेचं भाग्य आहे. सोळा तासांच्या कोरियन मालिकांत अकराव्या-बाराव्या भागात जो मरगळीचा काळ येतो, तो इथे यायला वेळच मिळत नाही. फक्त शेवटी ती लांबी बोचते. सहा भाग जवळ येण्याला दिल्यावर, जवळ आल्यानंतरच्या आयुष्याला दोनच भाग उरतात. त्यात जुळणं, पुन्हा ताण, पुन्हा समेट असं सगळं कोंबलं आहे. शेवटचा ताण स्वभावातून न येता वेळेच्या गरजेतून आल्यासारखा वाटतो. सात भाग ज्या शिस्तीनं लिहिले, ती शिस्त आठव्यात सुटते. हे दोघं रोजच्या जगण्यात एकत्र कसे राहतील, सांग-वूच्या ठरलेल्या वेळांत जे-यंगचा उशीर कसा बसेल, कोण कुठे नमतं घेईल, ते बघण्याची माझी सगळ्यात जास्त इच्छा होती, कारण तिथे या दोन स्वभावांची खरी कसोटी होती.

चित्रपटाच्या रूपात तेच प्रसंग सलग पाहताना ही घाई आणखी जाणवते, कारण भागांमधला दिवसांचा अवकाश आता नसतो. प्रेक्षक तो अवकाश स्वतःच्या कल्पनेनं भरत होते. दुसरा हंगाम आला नाही. आला असता तर त्यात मला पहिल्यांदा हवा होता तो सांग-वूच्या घरचा एक रविवार. टेबलावर चौघं, जे-यंग वेळेवर आलेला, आणि सांग-वू त्याची ओळख करून देताना नेमका कोणता शब्द निवडतो ते.